ठोका कापताना

भाच्या, तू परवा फोनवर विचारलंस की लॅपटॉपवर ढोलकी भरायची तर कोणतं सॉफ्टवेअर घेऊ. हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आधी ठरव, ढोलकी कोणाची, वाजवणार कोण, कुठल्या खोलीत आणि कुठल्या महिन्यात. एवढं नीट ठरलं की फुकटचं सॉफ्टवेअरही उत्तम चालतं. हे ठरवलं नाही तर लाखाचं घेऊनही ढोलकी डबड्यासारखीच बोलेल. तू आता सुरतेतल्या लिंबायतच्या मंडळात वाजवणार, घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीपुढे वाजवणार, म्हणून सगळं एकदा लिहूनच देतो. फोनवर अर्धं ऐकू येतं आणि अर्धं विसरलं जातं.

महिन्यापासून सुरू करतो. आमच्या इच्छापोरला एका अंगाला तापीचं मुख आणि पुढे हजिऱ्याचा समुद्र. आषाढ लागला की इथलं कातडं ओल धरतं, चाट उतरते, शाईचा आवाज बसतो. आणि आपली कानबाई बसते ती श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. म्हणजे वर्षात ज्या दिवशी ढोलकीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तिचा सूर टिकत नाही. सॅम्पलचा, म्हणजे भरून ठेवलेल्या ठोक्याचा, खरा उपयोग मला इथे दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत चढवलेली, लागलेली ढोलकी भरून ठेवायची आणि ती श्रावणात वाजवायची. म्हणून रेकॉर्डिंग थंडीतच कर. उत्तरायणाचे दिवस तेवढे सोड. १४ आणि १५ जानेवारीला सुरतेत गच्चीगच्चीवर स्पीकर असतो, तेव्हा माइक उघडायचाच नाही.

खोली निवडताना रस्त्याकडे पाठ कर. आमच्या घरावरून जाणारा हजिरा रोड म्हणजे ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा ६ नंबर. हाच रस्ता पुढे नवापूर, साक्री करत आपल्या धुळ्याला जातो. रात्रंदिवस ट्रेलर चालू असतात. ती घरघर कानाला सवयीने ऐकू येत नाही, माइकला मात्र पुरती ऐकू येते. नंतर फिल्टर लावून खालचा आवाज कापू म्हणशील, तर घरघरीबरोबर ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमाही जाईल, कारण दोघेही त्याच खालच्या पट्टीत राहतात. फिल्टरने फुकट काही मिळत नाही. त्यापेक्षा मधली, खिडकी नसलेली खोली घे. भिंतींना गाद्या उभ्या कर, दारावर गोधडी टाक, पंखा आणि फ्रिज बंद कर. एवढ्याने जे काम होतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने नंतर होत नाही. आणि मोकळ्या गुळगुळीत भिंतींच्या खोलीत भरलेला घुमणारा आवाज तर अजिबात नको. मंडपाचा घुमारा वेगळा, घराचा वेगळा. खोलीचा घुमारा एकदा फाईलमध्ये शिरला की निघत नाही. कोरडी ढोलकी भर, घुमारा हवा तर वाजवताना वरून देता येतो.

माइक चांगला असला तर उत्तम, नसला तर फोनही चालेल. फक्त जे ॲप वेव्ह फाईल देतं ते वापर, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी, गोंगाट पुसणारी सोय बंद ठेव. ती चालू राहिली तर हलका ‘ना’ आणि जोरदार ‘धा’ एकाच उंचीचे होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. सर्वांत जोराच्या थापेला काटा शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील एवढंच अंतर ठेव. वर चढून आवाज फाटला की तो ठोका गेला, तो दुरुस्त होत नाही.

वाजवताना एक शिस्त पाळ. प्रत्येक बोलाआधी तोंडाने नाव घे: ‘ना, हलका’. मग तोच ठोका सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी आवाज पूर्ण विरेपर्यंत हात वर. मग ‘ना, मध्यम’. मग ‘ना, जोरात’. नंतर फाईल कापायला बसशील तेव्हा हेच बोललेले शब्द वाट दाखवतात. आणि हलका ठोका खरंच हलक्या हाताने वाजव. जोराचा ठोका घेऊन त्याचा आवाज कमी केला तर तो दूरवरून आलेला जोराचा ठोकाच वाटतो. हलक्या बोटाखाली कातडं वेगळं बोलतं, त्यात चाटेचा कडकपणा कमी आणि शाईचा गोडवा जास्त असतो. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फरक कळतो.

आता कापायला बैस. ऑडॅसिटी पुरेशी आहे, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही पळते. ठोक्याच्या आधी जी शांतता राहते ती काढून टाक, आणि अगदी बारकाईने काढ. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर दहा मिलिसेकंद म्हणजे ४४१ सॅम्पल. पडद्यावर ती एवढीशी रेघ दिसते, पण तेवढा उशीर हाताला कळतो. त्यातून वाईट म्हणजे प्रत्येक फाईलमधली शांतता वेगवेगळी राहिली तर लय लंगडते. ‘धा’ वेळेवर, ‘ना’ किंचित मागे, ‘ती’ आणखी मागे. वाजवणारा दोष स्वतःच्या हाताला देत राहतो आणि दोष फाईलमध्ये असतो. झूम करून बघ, जिथे रेघ पहिल्यांदा हलते त्याच्या एक-दोन मिलिसेकंद आधी काप, आणि रेघ मधल्या शून्याला छेदते तिथेच काप. शून्यावर कापलं नाही तर सुरुवातीला ‘टक्’ असा बारीक आवाज येतो.

पण उलटंही होतं. काही पोरं इतकं जवळ कापतात की ठोक्याचा पहिला कणच उडतो. ढोलाच्या बाबतीत तर टिपरू पानावर आदळतं त्या क्षणाचा कडक आवाज घुम्याच्या आधी येतो. तो गेला की ढोल मऊ, बिनहाडाचा होतो. तो पहिला कण म्हणजेच हात. हात फाईलमध्ये राहिला पाहिजे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीसाठी आहे.

शेपटी कापताना घाई नको. ताशाची शेपटी छोटी, अर्ध्या सेकंदात संपते. ढोलकीच्या घुम्याची लांब. आवाज विरत जिथे खोलीच्या शांततेत मिसळतो तिथपर्यंत ठेव, आणि शेवटी पंधरा-वीस मिलिसेकंदांचा फेड दे. लांब शेपटी ठेवली की मेमरी जाते ही भीती आता धरू नकोस. एकेकाळी ती खरी होती. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-वन नावाचं यंत्र आणलं, खऱ्या ड्रमचे भरलेले आवाज वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. किंमत जवळजवळ पाच हजार डॉलर, आणि तरीही त्यात क्रॅश झांज नव्हती, कारण झांजेची लांब शेपटी साठवायला लागणारी मेमरी तेव्हा फार महाग होती. आज तुझा हिशेब बघ. मोनो, सोळा बिट, ४४,१०० म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. आठ बोल, प्रत्येकाचे तीन जोर, प्रत्येक जोराचे चार ठोके, मिळून ९६ फाईली. सरासरी एक सेकंद धरला तरी साडेआठ एमबीच्या आत सगळी ढोलकी बसते. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपलाही हे ओझं नाही. तेच तू स्टिरिओ, चोवीस बिट, ९६,००० वर भरलंस तर साडेसहा पट जागा, आणि मिरवणुकीच्या स्पीकरवर फरक कोणालाही ऐकू येणार नाही. ढोलकी एका जागी बसून वाजते, तिला मोनो पुरतं. पण सगळ्या फाईली एकाच मापाच्या ठेव. एक ४४,१०० ची, दुसरी ४८,००० ची असा गोंधळ केलास तर काही सॉफ्टवेअर ते जागेवर बदलत बसतं, आणि काही तर सूरच चढवून वाजवतं.

उंची सारखी करण्याबाबत तुला बजावून सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉर्मलाइज’ नावाचं बटण असतं आणि ते प्रत्येक फाईलवर दाबायचा मोह होतो. दाबलंस की हलका, मध्यम, जोराचा सगळे सारखे उंच होतात. उंची वाढवायची तर एका बोलाच्या सगळ्या फाईली एकत्र, एकाच आकड्याने वाढव. त्यांच्यातलं अंतर जसं वाजवलं तसंच राहू दे.

आता फाईली सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या. तुझ्या कामाला तीन नावं पुरेत. सिताला अगदी हलकं, सोळा पॅड, फाईल ओढून टाकली की वाजते, प्रत्येक पॅडला सूर, उंची आणि आवाजाचा पोत बदलायची बटणं. मंडळाचा ढोल, टोल, झांज, शिट्टी असे एकेकटे आवाज त्यात ठेव. हायड्रोजनमध्ये ठेका लिहूनही वाजवता येतो. ते खुल्या परवान्याचं आहे, लिनक्सवर, विंडोजवर, सगळीकडे चालतं, आणि त्याचा किट एकाच फाईलमध्ये बांधून दुसऱ्याला देता येतो. ढोलकीसाठी मात्र माझं मत एसएफझेडकडे. त्याची फाईल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडते. कुठला आवाज कुठल्या कीवर, किती जोराला, कोणी कोणाला थांबवायचं, सगळं ओळीओळीने लिहिलेलं. प्लोगचं स्फोर्झांडो फुकट मिळतं आणि ती फाईल वाचतं. उद्या कंपनी बंद पडली, लॅपटॉप बदलला, तरी तो मजकूर दुसरं कुठलं तरी सॉफ्टवेअर वाचेल. मेहनत कोणाच्या बंद डब्यात अडकत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मजकूर लिहिताना पहिली गोष्ट, प्रत्येक ठोक्याला ‘वन शॉट’ लिही. हे नसेल तर लॅपटॉपला जोडलेल्या पॅडवरून काठी उचलली की आवाज तिथेच तुटतो. पॅड क्षणात ‘संपलं’ असा निरोप पाठवतो आणि घुमा अर्ध्यात कापला जातो. नव्या पोरांची ढोलकी तुटक वाजते त्याचं निम्मं कारण ही एक विसरलेली ओळ असते.

मग जोराच्या पायऱ्या. पॅड ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यात सांगतो. पुस्तकात सरळ तीन समान भाग करतात, तसं करू नकोस. आधी तुझा पॅड, तुझा हात नेमका कुठले आकडे देतो ते बघ. हलकं वाजवूनही पन्नासच्या खाली जात नसेल तर तुझी हलक्याची सगळी रेकॉर्डिंग कधी वाजणारच नाहीत. अर्धा तास नुसता ठेका वाजव, आकडे बघ, मग पायऱ्या ठरव. आणखी एक, जोराच्या आकड्यावरून आवाज कमी-जास्त करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून चालू असते. तू हलके ठोके हलकेच भरले आहेस, वरून सॉफ्टवेअरही त्यांना दाबतं, म्हणजे दुहेरी मार. ती सोय शंभरावरून चाळीस-पन्नासवर आण. कानाने ठरव.

ताशासाठी एका जोराला एकच फाईल कधीही पुरत नाही. तर्री वाजवायला लागलास की तोच एक ठोका सेकंदाला पंधरा-वीसदा उमटतो आणि ऐकताना पांडेसऱ्यातला लूम चालू असल्यासारखं वाटतं. खऱ्या ताशावर दोन हात असतात. उजव्या काडीचा आवाज वेगळा, डावीचा वेगळा, आणि पानावर पडायची जागाही दर वेळी किंचित हलते. म्हणून उजव्या हाताचे चार, डाव्या हाताचे चार ठोके वेगळे भर, आणि एसएफझेडमध्ये ते पाळीपाळीने वाजतील असा क्रम लिही. उजवा, डावा, उजवा, डावा. क्रम एका मागून एक ठेव, चिठ्ठ्या टाकल्यासारखा नको. चिठ्ठ्यांमध्ये तोच ठोका दोनदा लागोपाठ येऊ शकतो आणि कान लगेच पकडतो.

आता ढोलकीचं गुपित म्हण किंवा काय म्हणायचं ते म्हण. कोण कोणाला थांबवतो, यातच ढोलकी आहे. डाव्या बाजूला ‘घे’ वाजला की तो घुमत राहतो, आणि त्याच बाजूवर ‘क’ पडला की तळहात कातड्यावर बसतो, घुमा तिथेच बंद. लॅपटॉपला हे आपोआप कळत नाही. तू ‘घे’ आणि ‘क’ लागोपाठ वाजवलेस तर ‘क’खालून ‘घे’ घुमतच राहतो, आणि चार मात्रांत सगळा चिखल होतो. मग लोक म्हणतात, लॅपटॉपची ढोलकी खोटी वाटते. खोटी नाही, तिला बंद होणं शिकवलेलं नाही. डाव्या बाजूचे सगळे बोल एका गटात घाल आणि गटातला नवा ठोका जुन्याला थांबवेल असं लिही. हायड्रोजनमध्ये याला म्यूट ग्रुप म्हणतात. उजव्या बाजूचे बोल दुसऱ्या गटात घाल. दोन्ही बाजू एका गटात कधीही घालायच्या नाहीत, कारण ‘ना’ घुमत असताना ‘घे’ पडतो आणि दोन्ही एकत्र ऐकू येतात, तोच तर ‘धा’. एका गटात घातलेस की ‘घे’ येताक्षणी ‘ना’ गप्प होईल आणि उजव्या पुडीचा सूर हरवेल. ‘धा’ मात्र वेगळा भरलेला असेल तर त्याला दोन्ही बाजू थांबवायचा हक्क दे.

थांबणंही एकदम कापल्यासारखं नको. तळहात बसायलाही थोडा वेळ लागतो. आवाज तीस-चाळीस मिलिसेकंदात उतरेल असं लिही, नाहीतर प्रत्येक ‘क’ला कचकन आवाज येईल.

घिस्सा मात्र नुसत्या चाकाने होणार नाही. ‘घे’ वाजवून पिच व्हील वर नेलं की सूर चढतो हे खरं, पण मनगट कातड्यावर सरकताना जो घासल्याचा आवाज होतो तो येत नाही, आणि लावणीच्या ठेक्यात तर घिस्सा हाच जीव. म्हणून आखूड, मध्यम, लांब, वर जाणारा, खाली येणारा असे घिस्से पूर्ण वाजवून भर आणि त्यांना वेगळे पॅड दे. लांब घिस्सा मध्येच ‘क’ने तोडता आला पाहिजे, म्हणून तोही डाव्या गटातच.

सुराचं बघू. गायक म्हणेल, काळी दोनमध्ये गातो. तुझी ढोलकी काळी एकमध्ये भरलेली. म्हणजे दोन सूर वर, एसएफझेडमध्ये दोनशे सेंट. एक सूर चढवला की फाईल सुमारे सहा टक्के वेगाने वाजते, म्हणजे ठोका आखूड आणि आवाज बारीक होतो. दोन सुरांपर्यंत चालतं. तिसऱ्याला शाईचा आवाज पोरकट वाटायला लागतो. म्हणून थंडीत बसशील तेव्हा उजवी बाजू तीन सुरांत लावून भर, पांढरी एक, काळी दोन आणि काळी तीन. मधलं सगळं त्यातून निघेल. डावी बाजू एकदाच भर आणि गायकाच्या सुराबरोबर ती हलवू नकोस. घुमा जागच्या जागी हवा. सगळी ढोलकी एका बटणाने वर-खाली करणारे लोक इथेच चुकतात.

पॅडवर कुठे काय ठेवायचं, यासाठी जगभर चालणारा एक ठरलेला नकाशा आहे, १९९१ चा जनरल मिडी. ३५ ते ८१ पर्यंतच्या आकड्यांवर ड्रम, झांजा, काँगा, बाँगो, मराकास, सगळी वाद्यं बसवलेली. किक ३६ वर, स्नेअर ३८ वर. ढोलकी त्यात नाही, संबळ नाही, हलगी नाही, ताशाही नाही. तेव्हा आपला नकाशा आपणच ठरवायचा आणि एकदा ठरवला की बदलायचा नाही. उजव्या हाताचे बोल उजव्या पॅडवर, डाव्याचे डाव्या, ‘क’ नेहमी ‘घे’च्या शेजारी. ढोल-ताशाच्या किटमध्येही तोच नियम. किट बदलला तरी हाताने जागा शोधता कामा नये. जागा लिहून ठेवताना सुराचं नाव न लिहिता आकडा लिही, कारण ६० नंबरच्या कीला यामाहा सी-थ्री म्हणतं, रोलँड सी-फोर म्हणतं आणि एफएल स्टुडिओ सी-फाइव्ह. आकडा सगळीकडे एकच राहतो.

फाईलींची नावं रोमन अक्षरांत, सगळी छोटी लिपी, मध्ये मोकळी जागा नाही. देवनागरी नावं आपल्याला गोड वाटतात, पण काही जुनी सॉफ्टवेअर ती वाचत नाहीत आणि ऐन वेळी पॅड मुका राहतो. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. म्हणून घरी वाजलेला किट मित्राच्या मशीनवर वाजत नाही. नावातच सगळं येऊ दे: वाद्य, बोल, जोर, कितवा ठोका. मजकुरात फाईलचा पत्ता लिहिताना ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहू नकोस, एसएफझेडच्या शेजारच्या फोल्डरचाच लिही. मग सगळा फोल्डर उचलून कुठेही नेला तरी वाजतो.

उशिराबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. साउंड कार्डचा बफर २५६ ठेवलास तर त्याचा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत. ५१२ ला साडेअकरा, १,०२४ ला तेवीस. तेवीसवर ताशा वाजत नाही. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर उशीर वाढवतो, एएसआयओचा वापर, साउंड कार्डबरोबर मिळाला नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल टाक. १२८ वर नेण्याच्या मागे लागू नकोस, तिथे जुना लॅपटॉप तडतड करायला लागतो आणि एक तडतड शंभर चांगले ठोके खाते. हवेतून आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे स्पीकर साडेतीन मीटरवर असला की दहा मिलिसेकंद तिथेच गेले. बफर कमी करण्याऐवजी एक छोटा स्पीकर कानाजवळ ठेव. त्याने जास्त फायदा होतो.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. सिनेमाच्या गाण्यातून ढोलकीचा ठोका कापून घ्यायचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणावर साठ वर्षं हक्क असतो, आणि एक ठोका असला तरी ती मालकाची वस्तू. इंटरनेटवरचे फुकटचे किट घेतलेस तर परवाना वाच. काही फक्त घरच्या वापराला असतात, अहिराणी गाणं करून यूट्यूबवर टाकायला नाही. आणि संबळ भरायचा असेल तर गोंधळ्याकडे जा, आधी विचार. तो देवीपुढचा संबळ आहे, जागरणात वाजतो. त्याने हो म्हटलं तर कुठे वापरणार ते सांग, हातात पैसे ठेव, आणि किटबरोबर जी माहितीची फाईल जाते तिच्यात, त्याची हरकत नसेल तर, वाजवणाऱ्याचं नाव लिही. हलगीवाल्याचंही तेच. हलगी भरायला बसलास तर शेकोटीची सोय त्याच्या आधी कर, कारण हलगी तापवल्याशिवाय कडक बोलत नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा उतरते, तेव्हा त्याला पुन्हा तापवू दे, घाई करू नकोस. या लोकांचा हात तू फाईलमध्ये नेतोयस. लग्नात त्यांच्याऐवजी तुला बोलावलं जाईल हेही खरं आहे, आणि म्हणून त्यांचा वाटा त्यांना पोचला पाहिजे. निदान कानबाईच्या मोठ्या मिरवणुकीत एक माणूस खऱ्या हलगीवर ठेव. लॅपटॉप त्याच्या बाजूला चांगला वाजतो.

मिरवणुकीच्या टेम्पोवर जाण्याआधीची तयारी थोडक्यात सांगतो. वाय-फाय बंद, अपडेट बंद, स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग. जनरेटरची वीज वर-खाली होते, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू दे आणि चार्जर लावल्यावर स्पीकरमध्ये गुणगुण आली तर काढून टाक. साउंड कार्ड घरी ज्या यूएसबीच्या भोकात लावतोस त्याच भोकात टेम्पोवरही लाव, नाहीतर विंडोज त्याला नवं समजतं आणि सेटिंग विचारत बसतं. पाऊस असणारच, तेव्हा प्लॅस्टिकचा कागद लॅपटॉपवर घाल पण हवा जायची जाळी झाकू नकोस. शिवाय जुना ऑक्टोपॅड सोबत असू दे. त्यातले कारखान्याचे आवाज आपल्याला आवडत नसले तरी लॅपटॉप अडकला तर तो लगेच चालू होतो. रात्री उशिरा स्पीकर बंद करायला सांगितलं जाईल, तेव्हा खरी ढोलकी काढ. तोवर ती सुक्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव.

किटचा फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर घे. एक तुझ्याकडे, एक कीबोर्डवाल्याकडे. आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक पॅड एकेकदा वाजवून बघ, ‘क’ने ‘घे’ थांबतो का ते सर्वांत आधी.